उरलेले 199 दिवस

सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1909 मध्ये, बडोदे शहरातल्या शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ही पहिली शालेय आरोग्य तपासणी मानली जाते. या दोन घटनांत मला सरळ नातं दिसतं. मूल गुरांमागे पाठवू नका, माझ्या शाळेत पाठवा, असं जो राजा आईबापाला सांगतो, त्याच्यावर त्या मुलाच्या डोळ्यांची, दातांची आणि पोटातल्या जंतांची जबाबदारीही येते. ज्याला फळ्यावरचं दिसत नाही अशा मुलाला वर्गात बसवून ठेवलं, तर त्याच्या वाट्याला सक्ती तेवढी येते.

बडोद्याचं ते पाऊल देशभर गेलं नाही. 1946 मध्ये भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळपास अस्तित्वातच नसल्याचं तिला नोंदवावं लागलं. पुढे समित्या नेमल्या गेल्या, योजना आल्या, काही राज्यांत डॉक्टर शाळांपर्यंत पोहोचले आणि काही ठिकाणी कागदावरच राहिले. मग 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याचं बंधन शासनाने स्वतःवर घेतलं आणि सयाजीरावांपुढचा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. आणलेल्या मुलाच्या शरीराचं आणि मनाचं काय?

या प्रश्नाला दिलेलं सर्वांत मोठं सरकारी उत्तर महाराष्ट्रातूनच सुरू झालं. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर इथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा व्हायला दीड वर्ष बाकी होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, पोषणातल्या कमतरता, आजार आणि वाढीतले विलंब वेळेत शोधायचे, असा हा कार्यक्रम. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, त्यातली एक स्त्री, सोबत परिचारिका आणि औषधनिर्माता. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं आणि शाळेत एकदा.

या पथकाची गाडी येणार असते त्या दिवशी शाळा वेगळीच असते. परिपाठ लवकर उरकतात. व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो, भिंतीला उंचीची पट्टी आणि डोळे तपासायचा तक्ता लागतो. लहान मुलं सुईच्या भीतीने एकमेकांच्या मागे लपतात आणि मोठी त्यांना आणखी घाबरवतात. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, पापणी खाली ओढून आतला रंग बघतात, जीभ, दात, कान, कातडी बघतात. कुणाच्या हृदयातून वेगळा आवाज येतो. कुणाच्या कानातून पू वाहत असतो आणि वर्गात तो मुलगा लक्ष देत नाही अशी ओळख होऊन बसलेली असते, कारण त्याला नीट ऐकूच येत नाही. खेळाच्या तासाला धाप लागते म्हणून झाडाखाली बसून राहणाऱ्या पोरीच्या हृदयाला छिद्र आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. या पथकांनी अशी मुलं शोधली आहेत, सरकारी खर्चाने त्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. या कामाचं मोल मी कमी करणार नाही.

संध्याकाळी गाडी निघून जाते. दोष सापडलेल्या मुलांच्या नावापुढे ‘संदर्भित’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवायचं. खरी कसोटी इथून सुरू होते. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय लांब असतं. आई आणि बाप दोघेही मजुरीवर असतात. एकाने मुलासोबत जायचं तर एक रोज बुडतो, वर एसटीचं भाडं आणि दिवसभराचं खाणं. तिथे गेल्यावर कळतं की त्या आजाराचे डॉक्टर ठरावीक वारीच असतात. दुसऱ्या खेपेला दुसरा रोज बुडतो, आणि तिसरी खेप अनेकदा होतच नाही. पुढच्या वर्षी गाडी परत येते तेव्हा त्याच मुलाचा तोच दोष नव्याने सापडतो आणि त्याच्या नावापुढे पुन्हा तोच शेरा पडतो. चष्म्याचंही असंच. चष्मा मिळतो, पण ‘बॅटरी’ म्हणून चिडवलं गेल्यावर तो दप्तराच्या तळाशी जातो. डोळे तपासले, चष्मा दिला, नोंद पूर्ण झाली, आणि मुलगी फळ्यावरचं अजूनही शेजारणीच्या वहीतून उतरवते.

शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरली पाहिजे, सहावी ते आठवीची 220 दिवस. गाडी त्यातल्या एका दिवशी येते. मला बोलायचं आहे ते उरलेल्या 199 दिवसांबद्दल. मुलाचं आरोग्य त्याच दिवसांत घडतं किंवा बिघडतं. ताटात काय पडलं, तहान लागली तेव्हा पाणी होतं का, लघवीला जाता आलं का, मार बसला का, कुणाशी बोलता आलं का, या गोष्टींनी ते ठरतं. तपासणी आणि वाटप ही कामं आपल्या व्यवस्थेला जमू लागली आहेत. शाळेचा रोजचा दिवस निरोगी करणं अजून जमलेलं नाही.

*

हे ज्यांना कळलं होतं त्या दोघी याच पालघर पट्ट्यात राहिल्या. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. काम सुरू होई ते अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं, खरूज-नायट्यावर औषध लावणं इथपासून. खेळणी बियांची, शिंपल्यांची, पानांची. आरोग्याचा एक तास आणि शिक्षणाचा दुसरा अशी विभागणी तिथे नव्हतीच. नखं कापून घेताना मूल बोटं मोजायला शिकत असेल तर तो तास कुठल्या विषयाच्या खात्यात टाकायचा?

अंगणवाड्या 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर पसरल्या. कोसबादचा तो धागा सहा वर्षांखालच्या मुलांपर्यंत पोहोचला. मूल पहिलीत आलं की तो तुटतो. तिथून पुढे शिक्षण एका खात्याकडे, गोळ्या दुसऱ्याकडे, आश्रमशाळा तिसऱ्याकडे आणि पाण्याची टाकी ग्रामपंचायतीकडे.

*

रोजच्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुपारचं ताट. ही योजना 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राने सुरू केली, पण महाराष्ट्रातल्या बहुतेकांना आठवतात ते महिन्याचे तीन किलो तांदूळ. हजेरी 80 टक्के भरली की पिशवी घेऊन शाळेत जायचं. ते तांदूळ घरच्या हंड्यात जात आणि सगळ्या कुटुंबात वाटले जात, ते स्वाभाविकच होतं. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्नच द्यायचं, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान 200 दिवस. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांच्या आवारात चुली पेटल्या आणि खिचडी आली. आज निकष आहे पाचवीपर्यंत 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम.

आकडे ग्रॅममध्ये असतात, पण ते ताटात उतरवते ती एक बाई. सरकारी भाषेत ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. अनेकदा गावातल्याच बचत गटातली, भूमिहीन, कधी विधवा. सकाळी येऊन ती तांदूळ निवडते, डाळ धुते, किचनशेडमध्ये धूर असेल तर डोळे पुसत फोडणी घालते, शंभर ताटं वाढते आणि पातेली घासून घरी जाते. काही वर्षांपूर्वीच्या वाढीनंतर तिचं मानधन महिन्याला 2,500 रुपये झालं, म्हणजे कामाच्या दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. ज्या वस्तीत घरची चूल रोज पेटण्याची खात्री नसते, तिथे सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतं, आणि हे सर्वांत आधी तिला कळतं. कोणतं पोर दोनदा मागतं, कोणतं भावंडासाठी डब्यात भरून नेतं, कुणाला आज जेवण गेलं नाही, हेही तिला ठाऊक असतं. एवढं ठाऊक असलेल्या बाईला शाळेच्या कोणत्याही आरोग्य-बैठकीत बसवलं जात नाही. मला हा आपल्या शालेय आरोग्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जुलै 2013 मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने 23 मुलं दगावली, त्यानंतर आधी चव घ्यायच्या नियमावर देशभर कडक सूचना निघाल्या. नोंदवहीत चवीची सही शिक्षकांची असते. तेलाचा वास वेगळा येतोय हे ओळखणारं नाक मात्र त्या बाईचं असतं, आणि तिला प्रशिक्षण, हातमोजे आणि नियमित मानधन मिळतं का, यावर मुलांचा जीव अवलंबून असतो.

या ताटाने आणखी एक काम केलं, ज्याचं मोजमाप कॅलरीत होत नाही. एप्रिल 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. गावच्या शाळेत सगळ्या आळ्यांतली पोरं एकाच पंगतीत बसून एकाच पातेल्यातलं खातात, तेव्हा त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीला न मिळालेली गोष्ट त्यांना मिळते. आपल्याला कुणी दूर बसवत नाही ही खात्री मुलाच्या प्रकृतीला अन्नाइतकीच लागते.

महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. स्वस्त आणि पचायला सोपं, पूर्ण प्रथिन. शिवाय अंड्यात भेसळ करता येत नाही आणि ते पातळही करता येत नाही, हे शाळेच्या स्वयंपाकघरात फार महत्त्वाचं. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या असं शाळांना सांगितलं. ज्या गावात लोकसहभाग सहज उभा राहतो, तिथल्या मुलांना त्या अंड्याची गरज तुलनेने कमी असते. भुकेलेली वस्ती वर्गणी कुठून काढणार? हा निर्णय फिरवला गेला पाहिजे. परसबागेत शेवगा, पालक आणि कढीपत्ता लावून पातेल्यात हिरवं टाकणाऱ्या शाळा राज्यात आहेत, त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण शेवग्याच्या पानांवर शासनाची जबाबदारी ढकलून चालणार नाही.

*

आता पाणी. किती मुली शाळेत पाणी पीत नाहीत, याची दखल तपासणीच्या कार्डात घेतली जात नाही. प्यायलं तर जावं लागेल, आणि जायचं तर स्वच्छतागृहाला कडी नाही, आत पाणी नाही, किंवा दाराला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. मग सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत ती तहान दाबून ठेवते. डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, एप्रिलच्या उन्हात चक्कर येते आणि आईला वाटतं अभ्यासाचा ताण. केरळच्या शाळांनी 2019 मध्ये फक्त पाणी पिण्यासाठी घंटा वाजवायला सुरुवात केली आणि ती कल्पना इतर राज्यांत गेली. घंटा चांगलीच. पण मुलींच्या बाबतीत घंटेच्या आधी कडी, बादली आणि किल्ली लागते.

पाळी आली की हा प्रश्न दुप्पट होतो. मार्च 2018 मध्ये राज्याने ‘अस्मिता’ योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड द्यायला सुरुवात केली. पॅड मिळालं तरी ते बदलायला दार लागणारी खोली हवी आणि वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा हवा. त्याहून जास्त हवी ती शाळेतल्या मोठ्यांची नजर. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमधल्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. पॅडचं यंत्र बसवून अशी नजर बदलत नाही. ती बदलायची तर या विषयावर मोकळं बोलणं शाळेच्या रोजच्या बोलण्यात यावं लागतं, मुलांसमोर आणि मुलींसमोर, शिक्षक आणि शिक्षिका दोघांनीही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतून ‘तारुण्यभान’च्या कार्यशाळा सुरू केल्या त्या याच गरजेतून, आणि हजारो तरुणांनी तिथे प्रथमच न लाजता प्रश्न विचारले. 2007 मध्ये मात्र किशोरवयीन मुलांना लैंगिकतेचं शिक्षण देणारा कार्यक्रम महाराष्ट्राने शाळांतून बंद केला होता. मुलांनी मग मोबाइलला विचारलं.

लोहाच्या गोळीची गोष्ट इथेच सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 57 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. याआधीच्या फेरीत हे प्रमाण निम्म्याच्या आत होतं. म्हणजे गोळ्या वाटल्या जात असताना ते वाढलं. लहान मुलांना गुलाबी आणि किशोरवयीनांना निळी गोळी आठवड्यातून एकदा शाळेत दिली जाते, निळीत 60 मिलिग्रॅम लोह. ती जेवणानंतर खायची असते. रिकाम्या पोटी खाल्ली की मळमळतं. शी काळी होते, ते कुणी आधी सांगितलेलं नसतं, आणि घरी घबराट होते. मग गोळी हातात घेतली जाते, खिशात जाते आणि वाटेत शेतात पडते. नोंदवहीत ती खाल्लेली असते.

ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका पालिका शाळेतली मुलगी दगावली आणि लोहाच्या गोळ्यांमुळे ती गेली अशी बातमी वस्तीत पसरली. शेकडो मुलांना आईबापांनी रुग्णालयात धावत नेलं. शवविच्छेदनात तिला क्षयरोग असल्याचं आढळलं. वस्तीची भीती समजण्यासारखी होती. आपल्या मुलांना शाळेत काय दिलं जातं आणि का, हे त्या आईबापांशी बसून कुणी बोललेलं नसेल, तर गोळीवर विश्वास कशाने बसेल? ज्या शाळेत शिक्षिका खिचडीनंतर वर्गासमोर स्वतः गोळी खातात, शी काळी होईल म्हणून आधीच सांगतात, पालकसभेत आयांनाही सांगतात, गोळीनंतर लगेच चहा पिऊ नका म्हणतात आणि पातेल्यात लिंबू पिळतात, तिथे गोळी पोटात जाते. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा पाव तास.

*

आणि रात्र? आदिवासी आश्रमशाळांत मूल चोवीस तास शाळेच्या स्वाधीन असतं. ज्या वयात ताप आला की आईच्या कुशीत शिरायचं, त्या वयात ते एका मोठ्या खोलीत चाळीस जणांत झोपतं. रात्री त्याच्या कपाळाला हात लावणारं कोण? अधीक्षक, अधीक्षिका, तेही पद भरलेलं असेल तर. आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल 2016 मध्ये आला. त्याआधीच्या सुमारे पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुलं राज्यातल्या आश्रमशाळांत शिकत असताना दगावली होती. आईबापांनी शिकायला पाठवलेली ही मुलं. शहरातल्या एखाद्या शाळेत दोन मुलं अशी गेली असती तर आपण रस्त्यावर उतरलो असतो.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या इतरही समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात असह्य कळा उठतात. तपासणीत मूल सापडतं, त्याला कार्ड मिळतं, ‘रुग्ण’ किंवा ‘वाहक’. या मुलाच्या कळा कशाने उठतात? शरीरातलं पाणी कमी झालं की, थंडी लागली की, अतिश्रम झाले की, जंतुसंसर्ग झाला की. आता आश्रमशाळेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे गार पाण्याची अंघोळ, उन्हात कवायत, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या, उन्हाळ्यात आटलेली टाकी. कार्ड कपाटात नीट जपलेलं असतं आणि दिवस त्या मुलाला आजाराकडे ढकलत असतो. त्याच्या बाकावर पाण्याची बाटली असू देणं, मागेल तेव्हा लघवीला सोडणं, हिवाळ्यात कोमट पाणी आणि स्वेटर, फेऱ्यांतून सूट, आणि ‘नाटक करतोय’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून कायमचं जाणं, इतकं झालं तर त्याच्या कळा कमी होतील. औषध डॉक्टर देतील. ही बाकीची सगळी उपाययोजना शाळेची आहे.

आणि ज्यांची शाळाच हंगामाबरोबर हलते त्यांचं काय? दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात. काही मुलं आजीपाशी मागे राहून हंगामी वसतिगृहाच्या आधारावर शाळेत टिकतात, काही फडावर जातात. फडावर जाणाऱ्या मुलाचं दुपारचं ताट, आठवड्याची लोहाची गोळी, फेब्रुवारीतली जंताची गोळी आणि जिल्हा रुग्णालयाची ठरलेली तारीख, सगळं एकदम तुटतं. त्याचं आरोग्यकार्ड त्याच्यासोबत कारखान्यावर जायला हवं, आणि कारखान्याजवळच्या शाळेने ते उघडून वाचायला हवं.

*

तंबाखूबद्दल थोडक्यात. 2003 च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि तरी विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, आणि घराघरांत दात घासायला मशेरी आहे. सातवी-आठवीतली मुलगी आईबरोबर सकाळी मशेरी लावून शाळेत येते आणि तिला हे व्यसन आहे असं वाटतच नाही. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक लावणं सोपं आहे. मशेरीबद्दल तिच्या आईशी बोलणं अवघड आहे, आणि तेच केलं पाहिजे. शिक्षकांच्या खिशातल्या पुडीबद्दलही बोललं पाहिजे.

मनाचा विषय मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत महाराष्ट्रातले 1,764. सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांतल्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्राथमिक शाळांचा पट मात्र शंभरच्या आत असतो. तिथे समुपदेशक कोण? ज्या शिक्षिकेला दोन वर्ग एकत्र शिकवायचे आहेत, खिचडीचे फोटो ॲपवर टाकायचे आहेत आणि निवडणुकीच्या कामालाही जायचं आहे, तीच.

त्यामुळे शिक्षकांच्या प्रकृतीचा प्रश्न मुलांच्या प्रकृतीपासून वेगळा काढता येत नाही. केंद्राच्या 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांना आरोग्यदूत म्हणून तयार करून दर आठवड्याला एक तास अकरा विषयांवर मुलांशी बोलायचं ठरलं. त्यात भावना आहेत, नाती आहेत, पोषण आहे, व्यसनं आहेत. रचना उत्तम आहे. पण थकलेला, सतत माहिती मागवल्याने हैराण झालेला माणूस तो तास तक्ता वाचून संपवतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत साध्या भाषेत बोलायची सवय लावली. ती भाषा शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात यायला हवी. मुलाला ‘काय झालं?’ असं विचारून मग गप्प बसणं ही शिकवता येणारी गोष्ट आहे.

भीती काढून टाकणं हाही उपचार आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. तरी उठाबशा चालतात, ‘तुझ्या बापाची लायकी’ चालते, नापासांची नावं मोठ्याने वाचणं चालतं. 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश शासनाने काढला, मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. बसच्या वेळा आणि दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा ही कारणं देऊन अनेकांनी त्याला विरोध केला. मला तो आदेश योग्य वाटतो. सहा वर्षांच्या मुलाची झोप बसच्या फेऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

मग हे कुणी करायचं? कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करायचा अधिकार बाविसाव्या कलमाने या समितीला दिला आहे. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि पालक सही करतात. रंगरंगोटी, कुंपण, संगणक त्यात येतात. समितीची पुढची बैठक होईलच. त्या बैठकीला स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बोलावता येतं. ‘संदर्भित’ शेरा असलेल्या मुलांची यादी वाचून, प्रत्येकाला कोणत्या वारी कोण घेऊन जाणार आणि एसटीचं भाडं कशातून निघणार, हे ठरवता येतं. सिकलसेलच्या मुलाच्या पाण्याबद्दल सगळ्या शिक्षकांना एकदाच सांगता येतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवून बाहेरचं कुलूप काढायचा ठराव घेता येतो, आणि त्यासाठी वरून कुणाची परवानगी लागत नाही.